अकरा म्हणजे कुठले अकरा?

२०२५च्या होळीला, म्हणजे १३ मार्चला, आमच्या सोसायटीत दोन तट पडले होते. भद्रा रात्री साडेअकराच्या सुमारास संपणार, तोवर होळी पेटवायची नाही, हे ज्येष्ठांचं म्हणणं. साडेअकरापर्यंत पोरं झोपून जातील आणि दहावीची परीक्षा अजून संपलेली नाही, तेव्हा साडेआठलाच उरकू, हे आयांचं. ग्रुपवर तीन दिवस पंचांगाच्या पानांचे फोटो फिरत होते. मी अर्थातच साडेआठवाली. "वेळेचं मला सांगू नका, दिवसभर तेच काम करते," असंही मी तिथे लिहून बसले होते. ते वाक्य त्याच रात्री गिळावं लागलं.

मी नाशिकला घरी बसून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करते. सात वर्षं झाली. लोकांना सांगताना मी 'परदेशातल्या लोकांचं ऑफिस सांभाळते' म्हणते, म्हणजे पुढचे प्रश्न कमी होतात. पहाटे पाच ते सात मेलबर्नच्या एका फिजिओथेरपिस्टच्या अपॉइंटमेंटा आणि बिलं. मग डबे, स्कूलबस, भाजी. दुपारी दीड ते साडेसहा इंग्लंडमधल्या लीड्सची एक बाई: हॉटेलांची स्वयंपाकघरं डिझाइन करून देते. तिचा इनबॉक्स, कॅलेंडर, कोटेशनं, पुरवठादारांच्या मागे लागणं, प्रेझेंटेशन नीटनेटकं करणं हे सगळं माझ्याकडे. तिच्याकडून महिन्याचे पैसे ठरलेले. पाउंड तेव्हा ११०च्या वर होता, त्यामुळे घरात माझ्या कामाला 'टाइमपास' म्हणणं बंद झालं होतं. बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाला 'ऑफिस' मात्र अजून कोणी म्हणत नव्हतं. थोरली त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

लीड्सच्या बाईचा मुलगा आणि माझा धाकटा एकाच वयाचे, सहा वर्षांचे. आमचं जमलं ते बरंचसं त्यामुळे. तिच्या कॅलेंडरमध्ये रोज दुपारी तीन ते पावणेचार एक हिरवी पट्टी असते: शाळा. त्या वेळेत काही म्हणजे काही लावायचं नाही, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बॉस्टनच्या एका हॉटेलवाल्यांचा मेल आला. दोन वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते अमेरिकेतलं पहिलं काम. 'गुरुवार १३, सकाळी ११ ईएसटी चालेल का?' मी हिशेब केला. न्यूयॉर्क-बॉस्टनकडची वेळ लंडनच्या पाच तास मागे, म्हणजे तिचे दुपारचे चार. हिरव्या पट्टीनंतर पंधरा मिनिटं मोकळी. छान. तिच्या कॅलेंडरमध्ये चार वाजता टाकलं, झूमची लिंक तयार केली आणि मेलमध्ये चिकटवून पाठवून दिली. धाकट्याला त्या दिवशी १०२ ताप होता, एक हात त्याच्या कपाळावर होता. कॅलेंडरचं रीतसर निमंत्रण पाठवलं असतं तर बॉस्टनकडच्या पडद्यावर त्यांच्या वेळेनुसार दुपारचे बारा दिसले असते आणि कोणीतरी विचारलं असतं, की अहो, अकरा ठरले होते ना? नुसती लिंक काही बोलत नाही.

मधल्या रविवारी, ९ मार्चला, अमेरिकेने घड्याळं तासभर पुढे केली. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी करतात. इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी. या दोन रविवारांमधले दोन-तीन आठवडे लंडन आणि बॉस्टनमध्ये पाचऐवजी चारच तासांचं अंतर असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सात वर्षांत चौदा वेळा घड्याळं बदललेली मी पाहिली आहेत. आणि गंमत अशी की अक्षरशः बघितलं तर मी बरोबरच होते: ईएसटी म्हणजे त्यांची हिवाळी प्रमाणवेळ, आणि ईएसटीचे अकरा म्हणजे लंडनचे चारच. पण अमेरिकेतले पुष्कळ लोक बाराही महिने ईएसटी लिहितात. त्यांच्या मनात असतं ते 'आमच्या भिंतीवरचे अकरा'. तीन अक्षरांवर विसंबले. आपल्या आयएसटीचं तरी काय, इस्राएल आणि आयर्लंडवालेही तीच तीन अक्षरं लावतात.

तर होळी. साडेसहाला लॅपटॉप मिटला, पुरणपोळ्या लाटल्या, कटाची आमटी उकळली. तिची मीटिंग माझ्या साडेनऊला, तिची ती करणार होती, माझं काही काम नव्हतं. आठ पंचविसला नैवेद्याचं ताट घेऊन आम्ही सगळे खाली उतरलो. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आई म्हणतो, नारळ घेऊन पुढे. होळी पेटली. पोरांनी तोंडावर हात मारत बोंबा ठोकायला सुरुवात केली. मी फोटो काढायला फोन काढला, आठ छत्तीस झाले होते, आणि वर एक सूचना लोंबकळत होती: 'आम्ही पाचही जण वेटिंग रूममध्ये आहोत. आपण येताय ना?'

पाच मिनिटांपूर्वीचा मेल.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते कळलं. तिकडे तीन वाजून सहा मिनिटं. ती शाळेच्या फाटकाशी नाहीतर गाडीत. मी ताट आईंच्या हातात दिलं, "आई, तुम्ही दाखवा नैवेद्य," एवढंच म्हणाले आणि जिन्याने धावले. तिसरा मजला. लिफ्ट कुणीतरी नारळाची पोती चढवायला अडवून ठेवली होती.

आमच्यात ठरलेलं होतं की मी लागोपाठ तीनदा फोन केला तर ती कुठेही असो, उचलेल. तोवर कधी वापरलं नव्हतं. तीनदा केला. नाही उचलला. आता प्रश्न असा होता की मी काय करायचं. लिंक आमच्या बाजूची, यजमान म्हणून शिरायचा पासवर्ड माझ्याकडे. दार उघडलं नाही तर पाच माणसं बंद दाराशी उभी राहून निघून जाणार. उघडलं तर दारात मी. क्लायंटच्या जागी असिस्टंटने बोलायचं नसतं, हे या कामातलं सोवळं आहे, आणि मी ते फार कडक पाळते.

उघडलं.

जरीची साडी, कपाळावर कुंकू, घामाघूम, आणि खिडकीतून 'होळी रे होळी'च्या मागोमाग पन्नास पोरांच्या बोंबा. समोर पाच अमेरिकन चेहरे. एकाने विचारलं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? मी सांगितलं, सण आहे. मग सरळ सांगितलं की वेळेची चूक माझी आहे, तिची नाही. तिच्या कॅलेंडरमध्ये मी एक तास उशिराची वेळ घातली. ती मुलाला शाळेतून घ्यायला गेली आहे. मला दहा मिनिटं द्या. इंग्रजी बरं आहे माझं, पण त्या वेळी ते चौथीच्या पुस्तकातल्यासारखं आलं. बाकी काही सुचलं असतं तर कदाचित तेही बोलले असते. 'नेट गेलं' हे वाक्य जिभेवर आलंच होतं. भारतातून म्हटलं तर कोणीही विश्वास ठेवतो.

चौथ्या फोनला ती मिळाली. मुलाला बसवून गाडी नुकतीच सुरू केली होती. "त्यांचे अकरा झालेत, ते आत्ता लाइनवर आहेत, माझी चूक, मागून बोलू." ती दोन सेकंद गप्प. मग एकच प्रश्न: "स्लाइड्स तुझ्याकडे आहेत?"

होत्या. अठ्ठावीस स्लाइड्स मीच आदल्या दिवशी सरळ रेषेत आणल्या होत्या. ती एका बाजूच्या गल्लीत गाडी लावून फोनवरून मीटिंगमध्ये आली, मागच्या सीटवर मुलगा बिस्किट खातोय, आणि नाशिकहून मी स्लाइड पुढे सरकवतेय. तिने 'पुढची' म्हणायच्या आधी मला कळत होतं कुठे थांबायचं, कुठे वाफेच्या निचऱ्याचा नकाशा मोठा करायचा. सातव्या स्लाइडच्या वेळी मागे दार वाजलं, आई आत आल्या, एकही शब्द न बोलता तिन्ही खिडक्या लावल्या आणि दारात स्टूल टाकून बसल्या. धाकटा दोनदा आत घुसायला आला, दोनदा त्यांनी त्याला नुसत्या डोळ्यांनी परत पाठवलं. पस्तीस मिनिटं त्या तिथे होत्या.

संपल्यावर ती आणि मी बोललो. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "हे रविवारीच का नाही दिसलं आपल्याला?" असं विचारलं. 'आपल्याला' मी पदरचं लावलेलं नाही, इंग्रजीतही ते तसंच होतं. त्यानंतर महिनाभर ती रोज सकाळी स्वतःचं कॅलेंडर स्वतः तपासायची. मला ते दिसायचं, कारण तपासल्यावर ती बारीकसारीक रंग बदलून ठेवायची. मी त्या आठवड्याचे चार तास बिलात लावले नाहीत. तिने त्याबद्दल काही म्हटलं नाही आणि मीही काढलं नाही.

बॉस्टनचं काम मिळालं नाही. त्यांचं बजेट पुढच्या वर्षावर गेलं, असं कळवलं. ती म्हणते, तेच खरं कारण. मी अर्धंच मानते.

त्या रात्री अकराला गार पोळी खात मी आईंना काय झालं ते समजावत होते. मला वाटलं, बॉस्टन-लंडन-नाशिक त्यांच्या डोक्यावरून जाईल. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे बॉम्बे टाइमसारखंच की."

त्यांचं माहेर गिरगावातलं. मुंबईने स्वतःची वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती. देशाच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. त्यांचे वडील रेल्वेत. स्टेशनावरचं घड्याळ एक आणि गावातलं दुसरं, त्यात ते एका पाहुण्याला एकदा बोरीबंदरला पाऊण तास ताटकळत ठेवून बसले होते, ही गोष्ट त्यांच्या घरात वर्षानुवर्षं सांगितली गेली. आई उठल्या आणि कपाटातल्या स्टीलच्या डब्यातून त्यांच्या आईवडिलांची लग्नपत्रिका काढून आणली. १९४८ची, घड्यांवर फाटलेली. मुहूर्तापुढे कंसात छापलं होतं: स्टँ. टा., म्हणजे स्टँडर्ड टाइम.

"बघ," त्या म्हणाल्या, "अक्षरं छापली होती तरी निम्मं वऱ्हाड उशिरा आलं."

आता मी अक्षरं लिहीत नाही. शहराचं नाव लिहिते, तारीख लिहिते, दोन्हीकडची वेळ लिहिते आणि निमंत्रण कॅलेंडरमधूनच जातं, मग घरात कोणाला कितीही ताप असो. घड्याळं बदलायचे सगळे रविवार कालनिर्णयवर लाल पेनाने केलेत, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. मेलबर्नचे एप्रिल आणि ऑक्टोबरचे पहिले रविवारसुद्धा.

इंग्लंडचा रविवार त्या वर्षी ३० मार्चला आला, नेमका गुढीपाडवा. तिकडे रात्री एकचे दोन होतात तेव्हा इकडे सकाळचे साडेसहा. गॅलरीत नवरा काठी धरून उभा, थोरली कडुलिंबाची डहाळी बांधतेय आणि मी एका हातात साखरेची माळ, दुसऱ्या हातात फोन.

"गेलं का पुढे?" आईंनी विचारलं.

"गेलं."

"मग तो तांब्या दे इकडे."