आमची वाटचाल : बरोबरच्या चिन्हापासून

गणिताची शिकवणी सुरू केली तेव्हा सात मुलं आणि एक फळा एवढाच आमचा पसारा होता. प्रवेश परीक्षेत वेळ अपुरा पडतो, म्हणून सगळा भर सराव प्रश्नपत्रिकांवर. समीकरण सोडवताना 'बरोबरच्या पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे आम्ही मुलांकडून घोकून घ्यायचो. ठरावीक गणितं सुटायची. मांडणी जरा बदलली की मुलं अडायची.

एकदा फळ्यावर लिहिलं: ८ + ४ = □ + ५. सातपैकी पाच जणांनी चौकटीत १२ भरले. एका मुलीने तर पुढे आणखी एक बरोबर काढून १७ लिहिले. विचारलं तर म्हणाली, "बरोबर आलं की उत्तर लिहायचं ना?" पहिलीपासून तिने तेच केलं होतं. दोन्ही बाजू सारख्या असतात, हे आम्हीच कधी दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तराजू आणला. ३क्ष + ४ = १९ साठी डाव्या पारड्यात सारख्या गोट्यांच्या तीन बंद पिशव्या आणि चार सुट्या गोट्या, उजवीकडे एकोणीस. पिशव्यांचं वजन आड येऊ नये म्हणून उजवीकडे तीन रिकाम्या पिशव्याही ठेवल्या. दोन्हींकडून चार-चार गोट्या काढल्या, उरलेल्या पंधरांचे तीन वाटे केले. मग त्याच मुलीने पिशवी उघडून मोजल्या, पाच! ताळा करणं म्हणजे काय, ते त्या दिवशी वर्गाला कळलं.

उणे संख्यांना मात्र तराजू पुरत नाही. तिथे आधी आकडेच घेतो: १० − (५ − ३). कंस सोडताना उणे तीन तसंच ठेवलं तर उत्तर २ येतं, खरं उत्तर ८. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की कंसापुढच्या उणे चिन्हापाशी मुलं आपणहून थांबतात. 'क्ष'चा धाक घालवायला भास्कराचार्य कामी आले; ते अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत, आणखी अज्ञात असतील तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत.

महिनाभर एकही प्रश्नपत्रिका नाही म्हटल्यावर काही पालकांनी मुलं काढून घेतली. ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं. आज आम्ही तिघं शिकवतो, एका तुकडीत बारापेक्षा जास्त मुलं घेत नाही आणि घड्याळ लावून सराव शेवटच्या दोन महिन्यांतच करतो. उत्तराचे पर्याय समीकरणात घालून पाहायलाही शिकवतो, पण आधी सोडवून, मग ताळ्यासाठी.

नव्या तुकडीचा पहिला तास अजूनही त्याच चौकटीने सुरू होतो. तराजूच्या दोऱ्या आतापर्यंत दोनदा बदलल्या आहेत.