सीजे-३बीचा मागचा डिफरन्शियल: बॅकलॅश एकदाचा बसला

तीन रविवार यातच गेले: मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमधल्या दातांची मोकळी फट, म्हणजे बॅकलॅश, बसवण्यात. जीप आपली तीच, उंच बॉनेटची सीजे-३बी. टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की मागून घुमल्यासारखा आवाज यायचा आणि पाय काढला की बंद. ऑइल काढलं तर तळाशी चंदेरी चिखल. पिनियनचं (मोठ्या दातेरी चकतीला, म्हणजे क्राऊनला, फिरवणारं छोटं दातेरी चाक) आतलं बेअरिंग गेलेलं होतं, आणि जाताना दातही घेऊन गेलं होतं.

नवा जोड आणला. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे मूळचाच ५.३८ रेशो. क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर लॅप केलेले, म्हणजे घासून जुळवलेले असतात, त्यामुळे दोघांवर कोरलेला जोडीचा नंबर दुकानातच जुळवून बघा. घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

हा ॲक्सल स्पायसर ४४ जातीचा. यात बाजूला फिरवायचे ॲडजस्टर नाहीत, सगळा खेळ शिमचा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांचा. पिनियन किती आत बसतो ते हाउसिंगमध्ये (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचात) आतल्या बेअरिंगच्या कपामागच्या शिम ठरवतात. क्राऊन किती इकडे-तिकडे सरकतो ते डिफरन्शियल केसच्या (क्राऊन ज्यावर बोल्टनं बसतो तो भाग) दोन बेअरिंगमागच्या शिम. दर वेळी पुलर लावून नवी बेअरिंग ओढली तर त्यांची वाट लागणार, म्हणून जुन्या बेअरिंगची भोकं घासून हातानं सरकतील अशी करून घेतली. उद्यमनगरात लेथवर अर्ध्या तासाचं काम. हे केलं नसतं तर मी अजून पहिल्याच शिमवर असतो.

पहिला रविवार माझ्या चुकीत गेला. जुन्या पिनियनच्या तोंडावर ० होतं, नव्यावर +२. मी दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) शिम वाढवली. खरं तर अधिक म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यापासून तेवढा लांब बसवायचा, म्हणजे शिम कमी करायची! एकूण चार थाऊचा फरक पडला, म्हणजे ०.१ मिमी. तेव्हा मात्र मी डायल गेजकडे (बारीक अंतर मोजणाऱ्या तबकडीकडे) बघत बसलो होतो. लेथवाले मामा मागून म्हणाले, "आकडा मागनं बघा दादा, आधी दात काय बोलत्यात ते बघा."

मामांकडे प्रुशियन ब्लू (दातांचा ठसा बघायला लावायचा निळा रंग) नव्हता, शेंदूर होता. तेलात घट्ट कालवून क्राऊनच्या सात-आठ दातांना ब्रशनं लावला. (शेंदरात शिसं असतं, हातमोजे घाला.) पिनियनच्या फ्लॅंजला (बोल्ट लावायच्या चकतीला) एकानं फडकं गुंडाळून आवळून धरायचं आणि दुसऱ्यानं पान्यानं क्राऊन फिरवायचा, दोन्ही दिशांना. जोर लागल्याशिवाय ठसा उठत नाही. जिथं दात भिडतात तिथला शेंदूर पुसला जातो आणि खाली चकचकीत पट्टा दिसतो. माझा पट्टा दाताच्या मुळाशी रुतला होता. पिनियन जास्त खोल, दुसरं काही नाही. चार थाऊ काढल्यावर पट्टा वर आला, दाताच्या उंचीच्या मध्यावर.

आता बॅकलॅश. मॅन्युअलमध्ये ५ ते ७ थाऊ, आपला गेज मिलिमीटरचा, म्हणजे ०.१३ ते ०.१८. गेजची काडी दाताच्या बाहेरच्या टोकाशी, दाताच्या पृष्ठभागाला काटकोनात लावायची आणि पिनियन जराही हलू द्यायचा नाही. आलं ०.३१. केसची शिम ०.१ सरकवली की बॅकलॅश साधारण ०.०७ बदलतो, हा अंदाज धरून ०.२० च्या शिम दुसऱ्या बाजूच्या काढून क्राऊनच्या पाठीमागे घातल्या. जेवढ्या इकडून काढाल तेवढ्याच तिकडे घाला, नाहीतर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) बदलतो. हाउसिंग स्प्रेडरनं ताणतानाही गेज लावूनच ताणलं, अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे नाही.

आलं ०.१७. आनंदानं चहा सांगितला. चहा येईपर्यंत क्राऊन फिरवून चार ठिकाणी मोजलं: ०.१७, ०.१९, ०.२४, ०.१८.

०.२४ नं झोप उडवली. अख्खा क्राऊन पुन्हा उतरवला, दहाही बोल्ट. केसच्या फ्लॅंजवरून बोट फिरवलं तेव्हा एका बोल्टच्या भोकाच्या कडेला नखाला काहीतरी अडलं. डोळ्याला दिसतही नव्हतं, पण जुना क्राऊन उतरवताना उठलेला बर (धातूचा बारीक कंगोरा) होता. ऑइल स्टोननं दोन मिनिटं घासला, रॉकेलनं पुसलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले. आता चार ठिकाणी ०.१६, ०.१७, ०.१८, ०.१७. शेंदूर पुन्हा लावला: ड्राइव्ह साइडला (ॲक्सिलरेटर दिल्यावर भिडणारी दाताची बाजू) पट्टा मधोमध, आतल्या टोकाकडे किंचित कललेला. कोस्ट साइडही (पाय काढल्यावर भिडणारी) तशीच. मामांनी बॅटरी धरून दोन्ही बाजू बघितल्या आणि नुसती मान हलवली.

पुढच्या रविवारी खरी बेअरिंग प्रेस करायची आहेत. ती घासलेल्या बेअरिंगपेक्षा किंचित वेगळी बसू शकतात, म्हणून चारही ठिकाणांची मोजणी आणि शेंदूर परत. मग पिनियनचा प्रीलोड आणि शेवटी ॲक्सल शाफ्टचा एंड-प्ले (लांबीच्या दिशेची ढिलाई). शिमचे गठ्ठे डावे-उजवे लिहून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवलेत.