कात्रजपर्यंत गेलेले तंतू

पाषाणच्या प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे फळमाशीच्या अळ्या फाडणं. "पगार मिळतो ना गं याचा?" आत्याचा दर दिवाळीचा प्रश्न. मिळतो, आत्या. कधी वेळेवर, कधी उशिरा.

चिमट्यानं तोंडाचे हूक धरून ओढलं की मेंदू आणि त्याला जोडलेल्या डोळ्याच्या चकत्या (ज्यांतून पुढे प्रौढ माशीचे डोळे घडतात) बाहेर येतात. प्रौढ माशीच्या एका डोळ्यात साधारण 750 ते 800 नेत्रिका, म्हणजे डोळ्याचे इवले घटक, प्रत्येकीत 8 प्रकाशग्राही पेशी. आर-1 ते आर-8 ही त्यांची नावं. पैकी आर-1 ते आर-6 यांचे तंतू, म्हणजे मेंदूकडे संदेश नेणारे लांब धागे, मेंदूतल्या लॅमिना थरात थांबतात. आर-7 आणि आर-8 यांचे पुढे मेड्युला या आतल्या थरात जातात. पहिल्या सहांना थांबवतात त्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींच्या मदतनीस पेशी. 'नॉनस्टॉप' हे जनुक बिघडलं (माशीवाल्यांची नावं अशीच!) की ग्लिया लॅमिनात पुरेशा पोचत नाहीत आणि तंतू स्वारगेटला उतरायचं विसरून कात्रजला गेलेल्या प्रवाशासारखे थेट मेड्युलात.

मला मात्र डोळ्याच्या चकतीतल्या ग्लिया जास्त आवडतात. तंतू डोळ्याकडून मेंदूकडे निघतात, तर या चकतीला मेंदूशी जोडणाऱ्या त्याच देठातून उलट्या दिशेनं डोळ्यात शिरतात, तेही प्रकाशग्राही पेशी घडायला लागल्यावरच. ग्लियांची खूण असलेल्या 'रेपो' प्रथिनाला रंग दिला की त्यांची केंद्रकं ओळीनं दिसतात. फक्त कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर माझी पाळी नेहमी शनिवारी रात्रीच येते.