तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलवाले घाट चढताना बघायचं तरी काय?

"पाच तास नुसती पेडलं मारतात. त्यात बघण्यासारखं काय असतं गं?" हा प्रश्न मला ऑफिसात डबा खाताना विचारला जातो, नणंदेकडच्या गणपतीत विचारला जातो, आणि जुलै महिन्यात तर घरातच रोज विचारला जातो. ज्या शहरात पाच दिवसांची कसोटी अनिर्णित राहिली तरी माणसं समाधानाने घरी जातात, तिथे हे विचारलं जावं याची मला गंमत वाटते. पण विचारलंत, तर सांगते.

पहिलं म्हणजे, पाच तास कोणी बघत नाही. निदान नोकरी करणारं कोणी नाही. युरोपातलं उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. जुलैतल्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा डोंगरातला टप्पा तिथे संध्याकाळी पाच-साडेपाचला संपतो, म्हणजे आपल्याकडे साडेआठ ते नऊ. फोर्टातून सुटून, मुलुंडला उतरून, भाजी फोडणीला घालेपर्यंत शेवटचा घाट सुरू झालेला असतो. आधीचं सगळं गाडीत उभ्याने, फोनवर डोकावून. आठनंतर टीव्ही सासूबाईंच्या मालिकांचा असतो, त्यामुळे शेवटचा घाटही फोनवरच, एका कानात इअरफोन घालून. दुसरा कान कुकरच्या शिट्ट्यांसाठी.

नियम थोडक्यात. टूर, इटलीतली जिरो आणि स्पेनमधली व्हुएल्टा या तिन्ही शर्यती तीन-तीन आठवड्यांच्या, २१ टप्प्यांच्या, एका दिवशी एक टप्पा. रोजचा वेळ बेरजेत धरतात आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो जिंकतो. सपाट रस्त्यावर या बेरजेत फारसा फरक पडत नाही, कारण दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलं की वारा तो खातो आणि आपले जवळजवळ एक तृतीयांश कष्ट वाचतात. दीडशे जणांच्या घोळक्यात कोण दमलंय ते कळतसुद्धा नाही. घाटात वेग उतरला की हा आडोसा बराचसा जातो. मग ज्याचं त्याला ओढावं लागतं. म्हणून मी घाटाचे टप्पे बघते आणि सपाटीचे बहुतेक सोडून देते.

आपल्याकडे घाट म्हटलं की बोरघाट. माझे सासरे खोपोलीचे. मला हा प्रश्न कधीच न विचारणारा माणूस म्हणजे तेच, कारण मुंबई-पुणे सायकल शर्यत त्यांनी रस्त्याच्या कडेला, शिंग्रोबाच्या देवळाजवळ उभं राहून पाहिलेली आहे. त्या शर्यतीत बोरघाट पहिला चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्यांना शर्यत कोणी जिंकली हे आठवत नाही, पण राजा कसा चढत होता हे अजून हातवारे करून सांगतात. आता मोजमापासाठी एवढंच लक्षात घ्या: खोपोली ते खंडाळा चढ उंचीने साधारण पाचशे मीटरचा. इटलीत आल्प्समध्ये कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाची खिंड आहे. साडेअठरा किलोमीटर रस्ता, सरासरी चढ ९ टक्क्यांहून जास्त, म्हणजे एकूण १७०० मीटर उंची. तीन बोरघाट एकावर एक. वरचे सुमारे आठ किलोमीटर डांबरच नाही, खडी आणि माती.

तुम्हाला एकच संध्याकाळ सांगायची तर याच खिंडीतली सांगते. त्यासाठी आधी २०१८ ला जावं लागेल. त्या वर्षीच्या जिरोत सायमन येट्स हा इंग्लंडचा सायकलपटू जवळजवळ दोन आठवडे आघाडीची गुलाबी जर्सी घालून होता. रोमला पोचायला तीन दिवस राहिले होते. फिनेस्त्रेच्या चढावर त्याचे पाय संपले. दुसरीकडे ख्रिस फ्रूम त्याच चढावर एकटा निसटला, उरलेले ८० किलोमीटर एकटाच चालवत राहिला आणि त्या एका दिवसाने जिरो घेऊन गेला. येट्स ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला.

सात वर्षांनी, ३१ मे २०२५ ला, शेवटून दुसऱ्या टप्प्यात शर्यत पुन्हा तिथे आली. (आपल्याकडे त्या वर्षी पाऊस २६ मेलाच येऊन बसला होता, त्यामुळे शनिवार असूनही बाहेर जायचा प्रश्न नव्हता.) गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या इसाक देल तोरोच्या अंगावर, वय २१. दुसरा इक्वाडोरचा रिचर्ड कारापाझ, ४३ सेकंद मागे. येट्स तिसरा, १ मिनिट २१ सेकंद मागे. चढाच्या पायथ्याशीच कारापाझने जोर लावला, देल तोरो त्याच्या मागे चिकटला. येट्स आपल्या गतीने त्यांना येऊन मिळाला आणि मग पुढे निघाला. आता या दोघांनी आळीपाळीने पुढे राहून, म्हणजे ओढून, त्याला पकडायला हवं होतं. पण देल तोरो म्हणणार, मला फक्त कारापाझवर लक्ष ठेवायचंय, ओढायचं त्याने. कारापाझ म्हणणार, जर्सी तुझ्या अंगावर आहे, वाचवायची गरज तुला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि येट्सचं अंतर वाढत गेलं. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून "अरे, ओढा ना कोणीतरी!" म्हणून ओरडले, तेव्हा बाहेरून "काय झालं?" अशी हाक आली. काय सांगणार?

खरी मजा याच्या पुढे आहे. येट्सच्या संघाने सकाळीच एक चाल खेळून ठेवली होती. त्यांचा बेल्जियमचा वाउट व्हान आर्ट, अंगाने दणकट, सपाटीवरचा राजा, सुरुवातीलाच पुढे पळालेल्या गटात सोडून दिला होता. त्या गटात त्याचं काम जिंकायचं नव्हतंच. तो फिनेस्त्रे आधीच चढून पलीकडे गेला आणि येट्सची वाट बघत थांबला. एकटा, दमलेला येट्स खिंड उतरून येतो तो समोर आपला माणूस. मग सेस्त्रिएरेच्या शेवटच्या चढापर्यंत व्हान आर्ट पुढे आणि येट्स त्याच्या चाकामागे. मागच्या दोघांचं भांडण चालूच. येट्सने दुसऱ्या दिवशी रोममध्ये जिरो जिंकली, देल तोरोवर ३ मिनिटं ५६ सेकंदांनी.

तर मी काय बघते याचं उत्तर हे आहे: कोण कोणासाठी ओढतोय आणि कोण ओढायला नाही म्हणतोय. सगळ्यांचे पाय दुखतच असतात. तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर पोटात ढकलत ते चालवत असतात. त्यात स्वतःचं शेवटचं बळ दुसऱ्याच्या नावावर खर्च करायचं, तेही कंपनीने सांगितलं म्हणून, हे मला फार ओळखीचं वाटतं. २०२३ च्या व्हुएल्टात तर असा एक मदतनीसच पुढे आला. सेप कुस हा अमेरिकन त्याच वर्षी आपल्या दोन म्होरक्यांना जिरो आणि टूर जिंकून देण्यासाठी राबला होता. स्पेनमध्ये आघाडीची लाल जर्सी त्याच्या अंगावर आली, तर आंग्लिरूच्या भयंकर चढावर तेच दोघं त्याला मागे टाकून निघून गेले. त्याची आघाडी ८ सेकंदांवर आली. लोक चिडले, मीही चिडले. पुढच्या दिवसांत मात्र संघ त्याच्यामागे उभा राहिला आणि व्हुएल्टा त्याने जिंकली. वरिष्ठांना शहाणपण सुचलं की लोकांची भीती वाटली, हे तुम्ही ठरवा. मी ठरवलंय.

आणि शेवटी राहणारे. यांच्याबद्दल कोणी विचारत नाही, पण मला ते पुढच्यांइतकेच आवडतात. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. जिंकणाऱ्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त मागे राहिलात तर दुसऱ्या दिवशी घरी. सपाटीवर सुसाट पळणारे जड अंगाचे स्प्रिंटर घाटात मागे एकत्र जमतात आणि मिनिटांचं गणित करत चढतात. २०२४ च्या टूरच्या पहिल्याच दिवशी, फ्लोरेन्सहून रिमिनीला जाताना, ३९ वर्षांच्या मार्क कॅव्हेंडिश या ब्रिटिश स्प्रिंटरला उन्हात ओकाऱ्या होत होत्या. संघातल्या पोरांनी त्याला मधे घेऊन, रेटत रेटत, वेळेत आणला. चार दिवसांनी तोच सँ-व्हुल्बास गावात टूरमधला आपला ३५ वा टप्पा जिंकला आणि बेल्जियमच्या एडी मर्क्सचा ३४ चा जुना विक्रम मोडला. त्या विजयाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला पहिल्या दिवशीचे जास्त आठवतात.

"पण हे सगळे औषधं घेतात ना?" हा हमखास दुसरा प्रश्न. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूची टूरची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली आणि त्या वर्षांना आता विजेताच नाही. त्या यादीतली ती मोकळी जागा मला नीट माहीत आहे. आज कोणी आल्प्समध्ये अशक्य वाटावं असं चढला की टाळ्या वाजवताना मनात शंका येतेच. शंका घेऊन बघते. इतर खेळांत तपासणी एवढी झाली असती तर तिथे काय निघालं असतं, असंही कधी कधी वाटतं, पण तो वाद डब्याच्या वेळेत संपत नाही.

तिसरा प्रश्न, प्रत्यक्ष जाऊन बघणार का? फ्रान्समधल्या आल्प द्यूएझच्या घाटाला २१ वळणं आहेत, वरून खाली क्रमांक लावलेली, प्रत्येकावर तिथे जिंकलेल्यांची नावं. सातव्या वळणावर डच लोक नारिंगी कपडे घालून रात्रभर गोंधळ घालतात. रस्त्याच्या कडेला उभं राहायला तिकीट लागत नाही. व्हिसा आणि विमानाचं तिकीट मात्र लागतं, आणि जुलैत आमच्याकडे वर्षाअखेरीसारखी रजेची मारामारी असते, त्यामुळे सध्या ओटाच बरा.

तुम्हाला बघायचंच असेल तर शेवट डोंगरमाथ्यावर असलेला टप्पा निवडा आणि रात्री साडेसातला लावा. कॅमेरा पुढच्या माणसावर असेल. तुम्ही त्याच्या मागे, त्याच्याच रंगाची जर्सी घातलेला आणखी कोणी उरलाय का ते शोधा. काही कळलं नाही तर मला फोन करा, पण नऊनंतर.