पाटीवरची वेळ

मे २०२१. जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास लागत होता. पुतण्यानं कारणाच्या रकान्यात ‘नातवंडे गावी आणणे’ असं भरलं आणि त्याच्याच गाडीनं आम्ही कोरेगाव तालुक्यातून भोसरीला गेलो. मुलगा आणि सून कोरोनानं नऊ दिवसांच्या अंतरानं गेले होते. थोरला सात वर्षांचा, धाकटी तीनची. अकरा दिवस दोघं शेजाऱ्यांकडे होती. त्या माउलीनं पोटच्या पोरांसारखी सांभाळली.

त्या अकरा दिवसांत मी रोज फोन करायचो. थोरला विचारायचा, “आबा, मम्मी-पप्पा कधी येणार?” मी म्हणायचो, “उद्या.” दुसरं काही सुचायचंच नाही. मुलगा गेला त्या दिवशी उद्या म्हणालो, सून गेली त्या दिवशीही उद्याच. पुढची दोन वर्षं मी तो शब्द फेडत होतो.

गावी आल्यावर धाकटी आठवड्यात हिच्या अंगाला चिकटली. थोरला मात्र फार गुणी वागायचा. जेवला की ताट उचलून मोरीत ठेवायचा. अजून वाढू का म्हटलं की “नको, पुरे.” भावकीतले म्हणायचे, किती समजूतदार पोर आहे! मलाही बरं वाटायचं. हिला मात्र नाही. म्हणाली, “अहो, पाहुण्यासारखा वागतोय तो. आपल्या घरात पोरगं असं वागतं का?”

मग माझ्याही लक्षात यायला लागलं. तो रात्री बूट घालूनच झोपायचा. काढले तर पहाटे परत पायात. शाळेचं दप्तर उंबऱ्याशी भरलेलं, आत पुस्तकं कमी आणि पार्लेजीचे पुडे जास्त. निघायची तयारी करून बसलेला पॅसेंजर मी ३१ वर्षं एसटीत पाहिलाय. कंडक्टर होतो मी. तो पॅसेंजर आपल्या घरात आहे, हे कळायला मला महिना लागला.

मी काय केलं? सायकल आणली. “थँक्यू, आबा,” म्हणाला आणि हात लावला नाही. तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

जूनमध्ये एका दुपारी मी शेंगा निवडत होतो. तो शेजारी येऊन बसला आणि एकदम म्हणाला, “तुम्ही आणि आजी कधी मरणार?” आत ही भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. माझ्या तोंडात ‘असं बोलू नये बाळा’ आलं होतं, ते गिळलं. म्हणालो, “माहीत नाही. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, बीपीची गोळी रोज घेतो. पण आम्हाला काही झालं तर तुम्ही दोघं कराडला आत्याकडे राहायचं. एकत्र. तिच्याशी माझं बोलणं झालंय.” बोलणं खरंच झालं होतं. त्यानं आत्याचा नंबर मागितला. वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. मग विचारलं, “मम्मी-पप्पा गेलेत हे तुम्हाला फोनवर बोलताना माहीत होतं ना?” मी हो म्हणालो. तो उठून गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि ते माझ्या वाट्याचंच होतं.

त्या रात्री हिच्याशी माझं भांडण झालं. धाकटीला ती अजून ‘आई देवबाप्पाकडे गेलीय, येईल हं’ असं सांगायची. मी म्हटलं, यातलं ‘येईल’ काढ. ती म्हणाली, तीन वर्षांच्या जिवाला काय सांगू? दोघंही रडलो. पोरगा गेल्यापासून एकमेकांसमोर पहिल्यांदाच. पण तेव्हापासून आमच्या घरात कुणी उद्या म्हणत नाही. सोमवारी म्हणायचं, नाहीतर माहीत नाही म्हणायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण माझ्यासारखे आजी-आजोबा विचारतात. दोघांचे मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलांचं आधार, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर मुलांसोबत काढलेला फोटो. एवढं घेऊन जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. तेव्हा एका मुलाला महिना ११०० रुपये होते, २०२३ मध्ये २२५० झाले. कोविडमध्ये आई-बाप दोघंही गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची ५ लाखांची ठेव वेगळी, आणि पीएम केअर्सचे १० लाख वयाच्या २३व्या वर्षी मिळणार. त्याचं पोस्टातलं खातं मूल आणि जिल्हाधिकारी यांच्या नावावर असतं, त्यामुळं भावकीतल्या कुणाची नजर गेली तरी हात पोचत नाही. हेलपाटे किती झाले ते मोजायचं मी सोडून दिलं.

बालकल्याण समितीपुढं मुलांना न्यावं लागतं. धाकटीला न्यायची तिच्या मामाचीही तयारी होती, मनानं चांगला माणूस. समितीतल्या मॅडमनी थोरल्याला मायेनं विचारलं, “कुणाकडे राहायचंय तुला?” मी आशेनं बघत होतो. तो म्हणाला, “ही राहील तिथं.” आबांकडे, असं म्हणाला नाही.

१ डिसेंबरला गावची शाळा उघडली. पहिली ते चौथीचे वर्ग. त्याच सुमारास एसटीचा संप चालू होता. एका कागदावर सही राहिली म्हणून मला साताऱ्याला जावं लागलं. निघताना मी त्याला म्हटलं, “चार वाजता परत येतो.” इतका नेमका आकडा मी त्याला पहिल्यांदाच दिला.

काम दोनला आटोपलं. पण बस बंद, आणि वडापवाला, म्हणजे खासगी जीपवाला, गाडी भरल्याशिवाय हलवेना. सारी हयात वेळापत्रकात घालवलेला माणूस मी. त्या जीपमध्ये मागं दाटून बसलो होतो आणि घड्याळाकडं बघवत नव्हतं. हिला फोन केला, तर “तो फोन घेत नाही” म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा ६.१० झाले होते. तो ओट्यावर बसलेला, पायात बूट, मांडीवर दप्तर. माझ्याकडं बघेना. समजूत काढायची, खाऊ काढायचा, यातलं काहीच मला त्या वेळी जमलं नाही. गाडी उशिरा पोचली की कंट्रोलरसमोर उभं राहून सांगायचो तसंच सांगितलं. “चार म्हणालो होतो, सहा दहाला आलो. दोन तास दहा मिनिटं उशीर. कारण, वडाप भरेपर्यंत सुटली नाही. संप आहे हे माहीत असून मी वेळ धरून सांगितली, ती चूक माझी.”

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “किती सीट होत्या?”

“नऊ.”

“आणि बसले किती?”

“सोळा. टपावरचे दोन धरून.”

“मग ड्रायव्हर कुठं बसला?” म्हटलं, अर्धा आत, अर्धा बाहेर. तो हसला नाही, पण दप्तर खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीला पाटी टांगली. कंडक्टर फेरीची नोंद करतो त्या आमच्या वेबिलासारखे रकाने आखले: कोण, कुठं, निघाले, परत. मी दुकानात गेलो तरी लिहायचो. हिला आधी हसू आलं, मग तीही लिहायला लागली: ‘आजी, दळण, ११.००, ११.४०.’ थोरला चेकर. वेळेवर आलो की बरोबरची खूण, नाहीतर लाल खडूनं मिनिटं. मला वर्षभरात बऱ्याच लाल खुणा मिळाल्या. बूट कधी सुटले ते सांगता येत नाही, उन्हाळ्यात पाय उकडायला लागले तेव्हाच असावेत.

तिसरीत असताना एकदा ताटात दोडका आला. त्यानं ताट ढकललं, वाटी कलंडली, आमटी भिंतीवर. “मला नको असलं! रोज रोज काय दोडका!” मी हात उगारणारच होतो. ही मध्ये पडली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मला हळूच म्हणाली, “मारू नका. आला घरी.”

त्यानंतर मात्र त्यानं आमची पुरी दमछाक केली. खोटं बोलला, शाळा बुडवली, माझ्या खिशातले पन्नास रुपये घेतले. पन्नास रुपयांपायी चार फटके बसले असते, पण त्याला ओरडताना मला मनातून बरं वाटायचं, हे कुणाला सांगू?

आता तो सहावीत आहे. पाटी तीच, चौकट मात्र रंगवली. परवा त्यानं लिहिलं होतं: ‘मी, मैदान, ५.००, ६.३०.’ पावणेसातला मी ओट्यावर येऊन बसलो. सहा पन्नासला बॅट खांद्यावर टाकून आला, मला बघून जरा थबकला. मी काही बोललो नाही. लाल खडू घेतला आणि पाटीवर शेरा मारला: ‘२० मि. उशीर.’ त्यानं माझ्या हातातून खडू घेतला आणि पुढं लिहिलं, ‘कारण: मॅच टाय.’