शून्यावर न टिकणारा काटा

रबाळे एमआयडीसीत आमचं इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचं छोटं युनिट आहे. मी टेस्टिंगला असतो. गेल्या पावसाळ्यात चांदीवाल्यांसाठी केलेल्या ३ किलोच्या काट्यांचा एक लॉट पॅकिंगच्या तोंडाशी अडला. तबकात काहीही नसताना रीडिंग ०.० वरून ०.६ ग्रॅमवर जायचं, काही सेकंद तिथेच बसायचं आणि परत यायचं. सगळ्या पीसमध्ये नाही, मोजक्याच.

पहिला संशय रेल्वेवर. ठाणे-वाशी लाइन जवळच, वर २५,००० व्होल्टची तार. "लोकल गेली की उडतंय बघा," असेंब्लीतल्या ताईंनी ठामपणे सांगितलं. मग कोणी पंखे बंद केले, कोणी अर्थिंग तपासलं, कोणी बोर्ड आयपीएने, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलने, धुऊन आणला. काट्याच्या आतला प्रोग्राम लिहिणाऱ्या फर्मवेअरवाल्याकडे तर तोडगा तयारच होता. "अ‍ॅव्हरेजिंग १६ रीडिंगऐवजी ६४ रीडिंगचं करतो, दिसणारच नाही." डिस्पॅच संध्याकाळी होता, त्यामुळे साहेबांनाही ते पटत चाललं होतं.

मला "दिसणारच नाही" हा शब्दप्रयोगच खटकला. चांदीवाल्याच्या गिऱ्हाइकाला ते दिसणार नाही, पण वजनात असेलच की.

हिशेब असा. लोडसेल, म्हणजे वजनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग, पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट देतो. त्याचे ३०,००० भाग केले की एका भागाला, म्हणजे ०.१ ग्रॅमला, साधारण एक तृतीयांश मायक्रोव्होल्ट येतो. लोडसेलमध्ये चार रेझिस्टरचा ३५० ओमचा ब्रिज असतो. त्याचा थर्मल नॉइज, म्हणजे उष्णतेमुळे सिग्नलमध्ये होणारी बारीक चलबिचल, १० हर्ट्झच्या पट्ट्यात ८ नॅनोव्होल्टच्या आतच राहतो. तो बिचारा इथे आरोपी होऊच शकत नाही. शिवाय त्याला सरासरी लागू पडते. चौपट नमुने घ्या, नॉइज निम्मा. फ्रिक्वेन्सी खाली जाईल तसा वाढत जाणारा जो नॉइज, ज्याला आम्ही वन बाय एफ म्हणतो, त्याच्यापुढे ही मात्रा चालत नाही. जितका जास्त वेळ थांबाल तितके त्याचे आणखी संथ हेलकावे मोजणीत शिरतात. जॉन्सन नावाच्या शास्त्रज्ञाला तो १९२५ साली व्हॅक्यूम ट्यूबमध्ये दिसला. पुढे कार्बन रेझिस्टरमध्ये दिसला, ट्रान्झिस्टरमध्ये दिसला, पण सगळीकडे लागू पडेल असं एकच कारण आजही हाती नाही.

दुपारी मी बिस्किटाचा पत्र्याचा मोठा डबा रिकामा केला. बोर्ड आत, सोबत बॅटरी आणि लोडसेलऐवजी साधे चार रेझिस्टर. झाकण बंद करून डबा अर्थ केला आणि सिग्नलचे आकडे करणाऱ्या एडीसी चिपचे कच्चे आकडे लॅपटॉपवर घेतले, तोही बॅटरीवर. लोकल येत-जात होत्या. उड्या त्यांच्याशी काडीचाही संबंध न ठेवता चालूच होत्या.

ग्राफ मात्र बघण्यासारखा होता. वन बाय एफ असता तर रेघ डुलत, भरकटत गेली असती. ही गडाच्या तटावरच्या चर्यांसारखी होती: एक खालची पातळी, एक वरची, मधलं काहीच नाही. हा पॉपकॉर्न नॉइज. स्पीकरला जोडला तर लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो, त्यावरून हे नाव. चिपच्या क्रिस्टलमध्ये एखादा दोष किंवा अशुद्धी असते, तिथे इलेक्ट्रॉन अडकतो आणि सुटतो, आणि तेवढ्याने करंट एक पायरी वर-खाली होतो.

डबा उघडून बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या चिपवर, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पवर हेअर ड्रायर धरला. उड्यांचा वेग वाढला. फ्रीझ स्प्रे मारला, तर उड्या थंडावल्या. रेझिस्टरवर तेच केलं तेव्हा फरक पडला नाही. मग चांगल्या बोर्डावरचा ऑप-अ‍ॅम्प आजारी बोर्डावर लावला आणि आजारी बोर्डावरचा चांगल्यावर. दुखणं आयसीबरोबर, म्हणजे त्या चिपबरोबर, गेलं.

परचेसच्या मॅडमनी रजिस्टर काढलं. नेहमीचा माल वेळेवर आला नव्हता म्हणून तेवढे आयसी बाजारातून उचलले होते. "डेटाशीट तर तीच आहे ना?" त्यांचं म्हणणं. होती तीच. पण त्यात नॉइजचा फक्त नेहमीचा आकडा असतो, कमाल मर्यादा नसते, आणि असे पीस त्यातच लपतात.

संध्याकाळचं डिस्पॅच पुढे ढकललं. साहेब चिडले, पण ग्राफ बघून गप्प बसले. आता लोडसेलच्या इनपुटला आम्ही चॉपर ऑप-अ‍ॅम्प लावतो. तो सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीला नेऊन तिथे वाढवतो आणि परत खाली आणतो, त्यामुळे वन बाय एफची कटकटही कमी झाली. महाग पडतो, पण पडू दे. बाजारातून आलेले आयसी मॅडमनी फेकू दिले नाहीत. ते बॅटरी लो दाखवणाऱ्या सर्किटमध्ये खपवले. तिथे दोन मायक्रोव्होल्टना कोणी विचारत नाही.