शफलबॉटम आजोबा

परवा इंग्लंडमधल्या बरी गावात दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. नर्सने दारातून हाक मारली, "मिस्टर शफलबॉटम?" शफल म्हणजे पाय घासत चालणं आणि बॉटम म्हणजे... तुम्हाला कळलंच. मी घाईघाईने पर्समध्ये तोंड घातलं. कोपऱ्यातले आजोबा उठले आणि खरोखरच पाय घासत आत गेले. बाकी सगळे ढिम्म.

ढिम्मच असणार. हे आडनाव इथल्याच मातीतलं. जुन्या इंग्रजीत 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ, खोलगट जमीन. बरीच्या परिसरात शिपरबॉटम नावाची जागा होती, म्हणजे मेंढ्यांच्या झऱ्याची दरी. आपल्याकडे गावाला 'कर' जोडतात, इथे गावाचं नावच आडनाव म्हणून चिकटलं. 1538 साली चर्चमध्ये बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लिहून ठेवायचा हुकूम निघाला. लिहिणारा कानावर पडेल तसं लिहायचा. अशा लिहिण्याबोलण्यात शिपरचं कधीतरी शफल झालं आणि मेंढ्या गेल्या. बॉटमचा आज आपल्याला हसवणारा अर्थ तर अठराव्या शतकाच्या अखेरीचा. तोवर ही आडनावं कित्येक पिढ्या जुनी झाली होती.

भावंडंही पुष्कळ. चेन्नईचं 1844 पासूनचं पुस्तकांचं दुकान हिगिनबॉथम्स, त्यातलं 'बॉथम' हेच. क्रिकेटवाल्यांना रायन साइडबॉटम आठवेल, त्याचं म्हणजे रुंद दरी. काही साइडबॉटम मात्र स्वतःला 'सिडीबोटोम' म्हणवून घेतात. त्यांना दोष कसा देणार?

बरीहून वाफेच्या गाडीने रॅम्सबॉटमला जाता येतं. त्यातला 'रॅम' कुणी एडका म्हणतं, कुणी रानलसूण. माझं मत लसणीला. एप्रिलमध्ये तिथल्या झाडीत शिरलं की कुणीतरी आत्ताच फोडणी टाकल्यासारखा वास येतो. मी मूठभर पानं आणून शेंगदाण्याबरोबर खलबत्त्यात कुटली. भाकरी नव्हती, टोस्टवर खाल्ली.

खरं तर मी हसायलाच नको होतं. माझं सासर ढमढेऱ्यांचं. आमच्यात उलटंच, आडनावच गावाला लागलं: शिरूर तालुक्यातलं तळेगाव ढमढेरे. पुण्यात कॉलेजात नवऱ्याच्या हजेरीला मागच्या बाकांवरून ढोल वाजायचा.

आजोबा गाल धरून बाहेर आले. नर्सने पुढचा कागद उचलला, जवळ धरला, लांब धरला.

"मिसेस... डॅम-डेअरी?"

मी उठले. आजोबांनी घाईघाईने खिडकीबाहेर बघितलं.